जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायची की नाही

समोर पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर आणि बाई, शाळेतली आत्ताची शिक्षकमंडळी, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय सगळ्यांना एकच: गेल्या दोन वर्षांत घेतलेला एक निर्णय. माझ्या आधी एकाने चालू नोकरी सोडून द्राक्षबाग घेतल्याचं सांगितलं, एकीने भावाला किडनी दिल्याचं सांगितलं. त्यांच्यानंतर मी एका जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे. क्रम लावणाऱ्यांनी माझी चांगलीच जिरवली आहे. पण माझ्याकडे खरंच हाच निर्णय आहे. त्यात जे सांगणार आहे ते माझ्या आईला विचारून सांगते आहे. ती तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली आहे. "सांग की, त्यात काय लाजायचं," असं ती काल म्हणाली. आज तिचं मत बदललं असेल तर आता उशीर झाला.

आधी गाडी म्हणजे कसली ते सांगते. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी लहानपणी कॅम्पर व्हॅनमधून प्रवास केलेला आहे, फक्त तिला आपण मॅटाडोर म्हणायचो. आमच्या शेजारच्या काकांची एक होती, फिकट निळी. एरवी ती मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायची. दिवाळीच्या सुट्टीत पोती उतरायची, आतून झाडून धुऊन घ्यायचे, खाली ताडपत्री, वर गाद्या, एका कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पाण्याची कळशी. आणि दोन घरांची मिळून चौदा माणसं. मी चौथीत असताना आम्ही असेच कोल्हापूर, आंबा घाट करत गणपतीपुळ्याला गेलो होतो. घाटात गाडी तापली म्हणून दोन तास थांबलो आणि काकूंनी तिथेच पिठलं टाकलं. हळदीचा वास त्या गाद्यांना पुढे वर्षभर होता. पुण्यात आकुर्डीला बजाज टेंपो ती गाडी बनवायची आणि तिचं मूळ जर्मनीतल्या टेंपो कंपनीचं. हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं, कारण त्याला गाड्यांमधलं सगळं माहीत असतं. त्याच्या या माहितीमुळेच पुढचं सगळं घडलं.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं गाव आहे तिथे. मी सॉफ्टवेअरमध्ये, नवराही त्यातलाच. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, मुलगा अकरा. बाबा गेल्यापासून आई दर वर्षी एप्रिलमध्ये येते आणि व्हिसाचे सहा महिने संपता संपता परत येते. म्हणजे आमच्या उन्हाळ्यातल्या सगळ्या सहली पाच जणांच्या.

तर २०२३ च्या जुलैमध्ये नवऱ्याने एका रात्री जेवताना फोन माझ्यापुढे धरला. फोक्सवॅगनची टी-४, २००२ ची, खाली निळी, वर पांढरी. छप्पर वर उचललं की कापडी भिंतींची एक खोली तयार होते, आत दोन शेगड्या, छोटं सिंक, फ्रिज, आणि मागचं बाकडं उलगडलं की पलंग. किंमत साडेचौदा हजार पाउंड. या गाड्यांचं तिकडे वेड आहे. फोक्सवॅगनने १९५० मध्ये पहिली बस काढली आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत वेस्टफालिया नावाच्या कंपनीने तिच्यात पलंग-कपाटं बसवायला सुरुवात केली. टी-४ हे त्या घराण्यातलं १९९० ते २००३ चं मॉडेल. इंजिन मागून पुढे आलं ते या मॉडेलपासून. नवऱ्याने हे सगळं मला भात थंड होईपर्यंत सांगितलं. मुलांनी आधीच होकार दिलेला होता. मुलीने पडद्यांचा रंगही ठरवला होता.

मी म्हटलं, आधी हिशेब करू.

आता गणिताचे सर समोर आहेत, म्हणून आकडे नीट सांगते. गाडी पाच वर्षं ठेवली आणि साडेनऊ हजाराला विकली असं धरलं तर वर्षाला हजार पाउंड किमतीतून गेले. विमा ४४०. रस्ता कर ३२५. दुरुस्ती आणि वर्षाची तपासणी, जिला तिकडे एमओटी म्हणतात, त्याचे १२००. रस्त्यात बंद पडली तर उचलून न्यायची वर्गणी १३५. झाले ३१००. आम्ही जिथे राहतो त्या वसाहतीच्या खरेदीखतातच अट आहे की दारात कॅराव्हॅन किंवा तसली गाडी उभी करायची नाही. नव्या वसाहतींमध्ये अशा अटी पुष्कळ असतात, आणि घर घेताना ते पान कोणी वाचत नाही. म्हणजे गाडी बाहेर भाड्याच्या जागेत, महिना ६० पाउंड. एकूण ३८२० झाले. तशीच गाडी भाड्याने घेतली तर रात्रीला १३०. भागाकार केला, साधारण तीस आला. म्हणजे वर्षात तीस रात्री त्या गाडीत झोपलो तरच विकत घेणं परवडणार. मुलांच्या सुट्ट्या, आमच्या रजा, एक वर्षाआड इकडे येणं, हे सगळं वजा केल्यावर रात्री उरत होत्या चौदा. फार तर सोळा.

शिवाय लंडनमध्ये प्रदूषणाचा कर आहे. जुन्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पाउंड. पूर्वी तो मधल्या भागापुरता होता, त्याच ऑगस्टच्या २९ तारखेपासून तो सगळ्या महानगराला लागू झाला. माझी नणंद हॅरोला राहते. म्हणजे गणपतीला, दिवाळीला त्या गाडीतून नणंदेकडे जायचं तर तिच्या दारात पोचण्याचेच साडेबारा, आणि मुक्काम केला तर दुसऱ्या दिवसाचे वेगळे.

हिशेब "नाही" म्हणत होता. पण मी तो नवऱ्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "हा हिशेब आपण मुलांसाठी पियानो घेतला तेव्हा का नाही केलास?" पियानो कोणी वाजवत नाही. त्यामुळे मी गप्प बसले आणि शनिवारी आम्ही पाचही जण गाडी बघायला गेलो.

जुनी गाडी बघायला जाण्याआधी काय करायचं ते तिकडे सोपं आहे. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की २००५-०६ पासूनच्या सगळ्या एमओटी फुकट दिसतात. कधी नापास झाली, का झाली, त्या दिवशी किती मैल चाललेली होती, सगळं. या गाडीच्या इतिहासात २०१६ पासून दर वर्षी "मागच्या चाकाजवळ गंज" असा शेरा होता, आणि २०२१ नंतर तो शेरा एकदम नाहीसा झाला. गंज आपोआप बरा होत नाही. एक तर तो पत्रा कापून नवा जोडला असणार, नाही तर वरून काळा डांबरी थर मारला असणार. मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. थर होता. बोटाने दाबलं तर आत जात होता. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागितली, ती नव्हती. त्या इंजिनाचा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. विकणारे आजोबा मात्र सज्जन होते. त्यांनी चहा दिला आणि बेल्टबद्दल "आठवत नाही" असं खरं ते सांगितलं. एकवीस वर्षांच्या गाडीत गंज नसेल तरच मला नवल वाटलं असतं, त्यामुळे तिथवर माझं फारसं बिनसलं नव्हतं. पंधराशे-दोन हजार कमी करून घ्यायचे, असं मनात चाललं होतं.

मग मुलगी म्हणाली, "आई, बेल्ट चारच आहेत." मी म्हटलं, एकच बेल्ट असतो, इंजिनात. ती म्हणाली, "सीटबेल्ट."

गाडीत चौघं झोपू शकत होते आणि चौघंच बसू शकत होते. जाहिरातीत हे लिहिलेलं होतं. आमच्यापैकी एकानेही ते मोजलं नव्हतं. कुटुंब पाच जणांचं आणि दोन इंजिनिअर आईबाप. मॅटाडोरमधली चौदा माणसं तिथे चालत नाहीत.

हे चाललेलं असताना आई आत बाकड्यावर बसून सगळीकडे बघत होती. तिने पडदे बघितले, शेगडी बघितली, फ्रिज उघडून बंद केला. आणि मग मला मराठीत, अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि जायचं कुठे गं?"

मी आजोबांना विचारलं. त्यांनी बाकड्याखालून प्लॅस्टिकचं एक पेटीसारखं भांडं ओढून दाखवलं. ते मधोमध ठेवायचं आणि बाकीच्यांनी बाहेर जायचं, किंवा तोंड फिरवायचं. आईने ते बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "छान आहे हो." ज्यांनी माझ्या आईला ओळखलं आहे त्यांना हे "छान आहे हो" माहीत आहे.

त्या वेळी मला तो प्रश्न विशेष वाटला नाही. घरी येताना गाडीत सगळी चर्चा सीटबेल्टची. पाचवी सीट बसवून घेता येईल का, कितीला पडेल, वगैरे.

सप्टेंबरच्या शेवटी आई निघायची होती. मी तिची बॅग भरत होते. ती येताना सहा महिन्यांची औषधं मोजून आणते. दिवसाला एक याप्रमाणे सगळ्या गोळ्या जवळपास संपल्या होत्या, एकच गोळी बरीच उरली होती. सकाळी घ्यायची ती लघवीची गोळी, पायावर सूज येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली. मोजल्या तर एकोणीस जास्त. मी आईला विचारलं तर म्हणाली, दुकानदाराने जास्त दिल्या असतील. सांगलीचा कोणता दुकानदार एकोणीस गोळ्या जास्त देतो?

मी कॅलेंडर काढलं. लेक डिस्ट्रिक्टचे सहा दिवस. कॉर्नवॉलचे सात. हॅरोच्या चार फेऱ्या. गाडी बघायला गेलो तो शनिवार. विमानाने आली तो दिवस. एकोणीस.

ज्या ज्या दिवशी प्रवास किंवा परका मुक्काम, त्या दिवशी तिने गोळी घेतली नव्हती. आणि पाणीही जवळपास प्यायली नव्हती. लेक डिस्ट्रिक्टला चौथ्या दिवशी तिच्या सँडलचा पट्टा लागेना, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत चढताना ती दोनदा थांबली, आणि आम्ही सगळे म्हणालो, प्रवासाचा शीण. मी तिच्या पायाखाली दोन उशा ठेवल्या आणि मनात स्वतःला शाबासकी दिली.

ती रडली वगैरे नाही. उलट मलाच समजावून सांगितलं. गोळी घेतली की दोन तासांत तीन-चारदा जावं लागतं. मोटरवेवर थांबायच्या जागा आहेत, पण गाडी लावतात तिथून स्वच्छतागृह लांब, माझे गुडघे असे, मुलं ताटकळतात, जावईबापू काही बोलत नाहीत पण घड्याळ बघतात. "आणि नवीन काय आहे त्यात? जन्मभर हेच केलं."

इथे मैत्रिणींनो, मी तुमच्याकडे बघणार आहे. आठवीतली आपली पन्हाळा-रत्नागिरी सहल आठवते? एसटी पहाटे पाचला सुटायची होती. आदल्या संध्याकाळी सातनंतर आपण पाण्याचा घोट घेतला नव्हता. कुणी शिकवलं होतं आपल्याला? कोणीच नाही. प्रत्येकीला घरून येतच होतं. एसटी स्टँडवर मुलगे उतरून पाच मिनिटांत परत यायचे आणि आपण खिडकीतून भेळवाल्याकडे बघत बसायचो. शाळेतसुद्धा मधल्या सुट्टीत आपण पाचजणी मिळून जायचो, एकीने दार धरायला. आज सकाळी आम्ही तिघी मुद्दाम जाऊन बघून आलो. आता फरश्या आहेत, नळाला पाणी आहे, बरं वाटलं. कडी मात्र चारपैकी एकाच दाराला आहे. निधीवर दुपारी बोलायचं आहे, तेव्हा हे बोलूच.

तर आई गेली आणि मी तो हिशेबाचा तक्ता पुन्हा उघडला. भूमितीत सर आपल्याला पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहायला लावायचे. सिद्धता बरोबर आली आणि साध्यच चुकीचं उतरवलेलं असलं तर सर शून्य द्यायचे. मी नवऱ्याला म्हटलं, आपण साध्य चुकवलं आहे. "कुटुंबाच्या सहलीसाठी गाडी" असं लिहून आपण रात्रींना पैशांनी भागत बसलो. खरं साध्य असं, की आईने सकाळची गोळी घेऊन प्रवास करावा. त्याला वाईट वाटलं, त्या निळ्या-पांढऱ्या गाडीचंही आणि घड्याळाचंही. गाडी तोवर विकली गेली होती. मी घड्याळाचा उल्लेख परत केला नाही.

मग दुसऱ्या जातीच्या गाड्या बघायला लागलो. यांना रूप नसतं. ट्रकच्या केबिनमागे पांढरी खोली ठेवल्यासारखी दिसते, मुलगा तिला "फ्रिज" म्हणतो. पण आत दार लागणारं खरं स्वच्छतागृह असतं. त्याच्याखाली अठरा-वीस लिटरची टाकी असते, बाहेरून एक झडप उघडून ती पेटीसारखी ओढून काढायची आणि कॅम्पसाइटवर ठरलेल्या जागी रिकामी करायची.

विकत घ्यायची असती तर तिथेही खोडे होते. एक सतरा वर्षांची बघितली, परवडणारी. ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं की टक्के दाखवतं. पंधराच्या आत ठीक, विसाच्या वर काळजी. मागच्या कोपऱ्यात अठ्ठावीस आलं. वरून कागद नवा चिकटवलेला, आतलं लाकूड भिजलेलं. आणि वजन! माझ्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतची गाडी चालते. या गाडीचं कमाल वजन तेवढंच, आणि चालकासकट रिकामी गाडी ३१५०. उरले साडेतीनशे किलो. चार माणसं २३०, पाण्याची टाकी भरली तर शंभर. राहिले वीस. त्यात पाच जणांचे कपडे, भांडी आणि आईचा लोखंडी तवा.

म्हणून ठरवलं, आधी एकदा भाड्याने. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी मुलांना आठवड्याची सुट्टी असते, तेव्हा वेल्समध्ये पेम्ब्रोकशरला, पाच रात्री, पाच सीटबेल्ट. निघायच्या सकाळी मी आईच्या समोर उभं राहून तिला गोळी घ्यायला लावली. लहानपणी ती मला एरंडेल द्यायची तसंच.

आणि एम-४ मोटरवेवर तासाभराने आईने विचारलं, "पुढे थांबायची जागा कधी आहे?"

मी म्हटलं, आई, गाडी थांबली की मागे जा, त्यासाठीच तर घेतली आहे. ती ओठ मिटून बसली. थांबलो. गेली नाही. गुडघे धरत पार्किंग ओलांडून बाहेरच्या स्वच्छतागृहात गेली. पुढच्या थांब्यावरही तेच. मला कळेना. संध्याकाळी कॅम्पसाइटवर पोचल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "ते रिकामं कोण करणार?"

मी म्हटलं, आम्ही करू, कोणी तरी. ती म्हणाली, "कोणी तरी म्हणजे जावईबापू. मी मरेन पण जावयाला ते उचलायला लावणार नाही."

एवढे आकडे मांडले होते मी. पाण्याचं वजन काढलं होतं. ही गोष्ट मला सुचली नव्हती. मी म्हटलं मी उचलेन. तेही तिला नको होतं, पण कमी नको होतं. त्या रात्री पाऊस लागला, वेल्समधला, आडवा. बाहेरचं स्वच्छतागृह शेताच्या त्या टोकाला. मध्यरात्री मला त्या छोट्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी झोपेचं सोंग घेतलं. मुलगीही जागी होती असं तिने नंतर सांगितलं, तिनेही सोंग घेतलं होतं.

सकाळी मी पेटी ओढून काढली, तिला सुटकेससारखी चाकं आणि दांडा असतो, आणि निघाले. मागून आई, शाल गुंडाळून. "मी बघते." मी रिकामी केली, पाण्याने दोनदा विसळली, निळं औषध घातलं. तीन मिनिटांचं काम, हाताला काही लागत नाही. आई सगळं निरखत होती. म्हणाली, "एवढंच होय?" मग परत येताना सांगायला लागली. तिच्या माहेरच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून पहाटे एक बाई यायची, डोक्यावरून न्यायची. "ती आली की आम्हाला मागचं दार लावून घ्यायला सांगायचे. दहा-बारा वर्षं येत होती गं. तिचं नाव काय होतं ते मला माहीत नाही." आम्ही दोघी गाडीपर्यंत काही बोललो नाही. चहा झाल्यावर तिने गोळी घेतली आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.

पाच दिवसांत सूज आली नाही. व्हाइटसँड्स नावाची चौपाटी आहे तिथे, सेंट डेव्हिड्सजवळ. आई वाळूत बऱ्याच लांबवर चालली आणि परत आल्यावर म्हणाली, गुहागरसारखं आहे पण पाणी फार गार. तव्यावर थालीपीठं झाली, शेजारच्या गाडीतलं जोडपं वासाने येऊन बसलं. नवऱ्याने एका अरुंद गल्लीत सात मीटर लांब गाडी ट्रॅक्टर समोर आला म्हणून पाव मैल मागे घेतली. त्यानंतर त्याच्या मनातून गाडी विकत घ्यायचा विचार पुष्कळसा उतरला, असं मला वाटतं, तो मान्य करत नाही. तिसऱ्या दिवसापासून पेटी न्यायचं काम मुलाने घेतलं, फेरीला दोन पाउंड. आईने त्याला हरकत घेतली नाही. नातू चालतो, जावई नाही. यातलं तर्कशास्त्र मला समजलेलं नाही.

परत आल्यावर आम्ही ठरवलं की विकत घ्यायची नाही. ना निळी-पांढरी, ना फ्रिज. आई असते त्या काळात वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, हीच गाडी भाड्याने. बारा रात्री धरल्या तरी १५६० पाउंड, तीन हजार आठशेच्या निम्म्याहून कमी. शिवाय ओल, गंज आणि बेल्ट दुसऱ्याचे. हॅरोला आमच्या साध्या गाडीनेच जातो, पण आता वाटेत दोनदा थांबायचं हे निघतानाच ठरलेलं असतं, आणि नवरा त्या वेळेला घड्याळ काढून ठेवतो. खरंच काढून ठेवतो, गाडीच्या कप्प्यात.

काही मात्र सुटलेलं नाही, तेही सांगते. मुलगी आता सतरा वर्षांची होईल. अजून फार तर दोन उन्हाळे ती आमच्याबरोबर येईल. स्वतःची गाडी दारात असती तर एखाद्या शुक्रवारी मनात आलं आणि निघालो, असं झालं असतं. भाड्याच्या गाडीत ते होत नाही, जानेवारीतच ठरवावं लागतं. तो तोटा मी तक्त्यात कुठल्या रकान्यात घालू ते मला कळलं नाही, म्हणून घातलाच नाही. नवरा अजून रात्री जाहिराती बघतो. मागच्या आठवड्यात इथे सांगलीत आल्यावर त्याने शेजारच्या काकांच्या मुलाला विचारलं, मॅटाडोरचं पुढे काय झालं? भंगारात गेली म्हणे, बऱ्याच वर्षांपूर्वी. तो खरोखर हळहळला.

त्याच्या पुढच्या वर्षीचं, २४ मे २०२५ पासूनचं, बुकिंग झालं होतं. या वेळी स्कॉटलंड, आठ रात्री. गाडी निवडताना मी आईला फोनवर तीन गाड्यांचे फोटो पाठवले होते. तिने पलंग विचारला नाही, शेगडी विचारली नाही. "टाकी किती लिटरची आहे ते बघ," म्हणाली, "मागची लवकर भरत होती."